लाल डोळा, सरळ मान

फोटोत माणूस असतो त्यापेक्षा जरा बरा दिसावा, यासाठी मी बावीस वर्षं पगार घेतला. आमचा स्टुडिओ कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत होता. नाव सांगत नाही. मालकांची नातवंडं आता त्याच जागेत मोबाइलची कव्हरं विकतात, आणि माझ्यासारखा एखादा म्हातारा दारात उभा राहून छताकडे बघायला लागला की त्यांना वाटतं, हा गळती काढायला आलाय. मी तिथं रिटचर होतो. नाव दस्तगीर, आडनाव शिकलगार.

आज मोबाइलवर बोट फिरवलं की गाल गुळगुळीत होतो. त्या काळात ते बोट म्हणजे मी. फोटो काढला की आधी निगेटिव्ह तयार व्हायची, काचेच्या प्लेटवर नाहीतर फिल्मवर. ती उजेडावर धरली की सगळं उलटं दिसतं. काळे केस पांढरे, पांढरा सदरा काळा. गालावरचा डाग तिथं फिक्या ठिपक्यासारखा दिसतो. त्या ठिपक्यात सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं बारीक टिंबं भरत गेलं की छापताना तेवढ्या जागी उजेड अडतो आणि कागदावरचा डाग नाहीसा होतो. थोडक्यात, पेन्सिलीनं उजळ करायचं. आणि जिथं पांढरं जास्त झालंय तिथं धारदार पात्यानं प्लेटवरचा थर केसाएवढा खरवडायचा, की ती जागा मागच्या पडद्यात मिसळून जाते. बायकांच्या कमरा आणि पुढाऱ्यांची पोटं पात्यानं कमी व्हायची. पुढारी हसत पैसे देऊन जायचे, बायका मात्र म्हणायच्या, अजून थोडी कमी चालली असती.

कामाची जागा म्हणजे एक उतरतं लाकडी डेस्क. मधोमध दुधी काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडून काचेतून वर यायचा. निगेटिव्ह त्या काचेवर ठेवायची, वर काळ्या कागदाचा तुकडा, त्याला रुपयाएवढं भोक. भोकातून फक्त चेहरा दिसायचा, बाकीचा उजेड डोळ्यात यायचा नाही. डोक्यावर काळं फडकं घेऊन वाकून बसायचं. असं रोजचं सात-आठ तास.

माझे गुरू विष्णूनाना. आमच्या स्टुडिओचे मुख्य रिटचर. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे, बुटके, अंगानं काटक, तोंडात कायम लवंग. मी एकोणिसाव्या वर्षी तिथं लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनी मला काही शिकवलं नाही. लोखंड कापायच्या करवतीच्या तुटक्या पात्यापासून त्यांनी स्वतःचं खरवडायचं पातं केलं होतं. ते बोथट झालं होतं. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या कात्र्या, सुऱ्या, अडकित्त्यांना धार लावायचं काम. मी ते पातं घरी नेलं, अब्बांच्या दगडावर लावलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुढ्यात ठेवलं. नानांनी अंगठ्याच्या नखावर धार बघितली.

"कुनी लावलं हे?"

"मी."

"मग आजपासनं पेन्सिल तुजी आनि पातं माजं. फकस्त धार तू लावायची."

ही वाटणी शेवटपर्यंत टिकली. आधी मी पेन्सिलीचं काम करायचो, मग प्लेट नानांकडे जायची, त्यांचं पात्याचं काम झालं की थेट छपाईला.

नानांचे दोन नियम होते. पहिला, चेहऱ्यावर हात फिरवायचा, चेहरा बदलायचा नाही. दुसरा नियम त्यांनी मला कानाशी येऊन सांगितला होता. "आपल्याला दिसतं ते त्याच्या बायकूला बी दिसत नसतंय. तवा गिऱ्हाइकाचं व्यंग गिऱ्हाइकाला सांगायचं न्हाई. गुमान काढून टाकायचं."

पहिला नियम मी एकदाच मोडला आणि त्याची शिक्षा लगेच मिळाली. गडमुडशिंगीचा एक पैलवान फोटो काढून गेला. त्याचे दोन्ही कान कुस्तीत घासून घासून सुजलेल्या गोळ्यांसारखे झाले होते. मी नवीन होतो, उत्साहात होतो. पेन्सिलीनं कानाच्या सावल्या भरल्या आणि त्याला शाळामास्तरासारखे कान करून दिले. फोटो न्यायला आला तेव्हा काउंटरवरून असा आवाज झाला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

"माझं कान कुनी सरळ केलं? ह्यो कान व्हायला बारा वर्सं लागल्यात, पावणं! बारा वर्सं! आता गावात दावू काय, हे?"

नानांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि रात्री बसून पुन्हा कान मोडून दिले. मला म्हणाले, "काय काढायचं ते समजाय वकूब लागतो लेका." मी बरीच वर्षं हा किस्सा लोकांना हसवायला सांगत होतो.

आमच्या स्टुडिओत दसऱ्याची एक पद्धत होती. खंडेनवमीला सगळे कॅमेरे, स्टँड, पेन्सिली, नानांचं पातं, अगदी काळं फडकंसुद्धा पूजेला मांडलं जायचं. मालक मला म्हणायचे, "दस्तगीर, तू फुलं वाहा, तुझ्या हाताला धार आहे." दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पहिला फोटो गिऱ्हाइकाचा नाही, आमचा. मालकांच्या वडिलांचा मोठा जुना कॅमेरा त्या दिवशी बाहेर निघायचा आणि काचेच्या प्लेटवर आम्हा सगळ्यांचा एक फोटो निघायचा. नवे कपडे, टोप्या, खिशात सोनं म्हणून आपट्याची पानं. मी उंच, म्हणून मला उजव्या टोकाला उभं करायचे, आतल्या बाजूला जरा वळवून. तो फोटो फ्रेम करून काउंटरच्या मागच्या भिंतीवर लागायचा. मी लागल्यापासूनचे सगळे दसरे त्या भिंतीवर ओळीनं होते.

आता डोळ्याचं सांगतो.

लग्नाला वर्ष झालं होतं. एका सकाळी डेस्कवर बसलो आणि काचेतला उजेड उजव्या डोळ्यात टोचायला लागला. पाणी गळायला लागलं. दुपारपर्यंत डोळा लाल. नाना म्हणाले, "डोळं आलं असतील, घरला जा, आमास्नी नगं दिऊस." घरी रशिदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, गुलाबपाण्याच्या घड्या ठेवल्या. शेजारच्या काकींनी धन्याचं पाणी सांगितलं. आठ दिवस झाले तरी उतार पडेना. डोळे येतात तेव्हा ते चिकटतात, पू येतो, आणि एकाचे दुसऱ्याला होतात. माझा डोळा चिकटत नव्हता, घरात कुणाला लागण झाली नव्हती. लाली होती ती बुबुळाच्या कडेनं गोल, आणि आतून ठणका, दातासारखा. जवळचं बघायला गेलं की ठणका वाढायचा. आणि माझं पोट तर जवळचं बघण्यावरच चालत होतं.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आत सूज आहे, बाहुलीच्या पडद्याला. दोन औषधं दिली. एक बाहुली मोठी करायचं, म्हणजे ती आतल्या आत चिकटू नये, आणि दुसरं सूज उतरवायचं, दुधासारखं पांढरं. पंधरा दिवसांत डोळा मोकळा झाला. मी पेढे वाटले. सात महिन्यांनी डावा डोळा लाल झाला.

मग ते चालूच राहिलं. वर्षातून एकदा, कधी दोनदा. कधी उजवा, कधी डावा, दोन्ही एकदम कधीच नाही. डॉक्टर सांगायचे, याच्यामागं काहीतरी मूळ असणार, ते शोधायला हवं. आणि शोध सुरू व्हायचा. एकांनी सांगितलं, दातांत विष साठतं. माझ्या दोन चांगल्या दाढा उपटल्या. विष निघालं नाही, भाकरी मात्र एका बाजूनं चावायला लागलो. दुसऱ्यांनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, काही नाही. तिसऱ्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाहेरचा काही नाद?" मी म्हटलं, मला घरचाच नाद परवडत नाही. तरी रक्त तपासलं. तो कागद रशिदाच्या हाती लागला. आमच्या घरी बोलणं आमच्या मुसलमानी हिंदीत चालतं, मी मराठीत सांगतो. ती म्हणाली, "कागदावर काही नाही असं लिहिलंय म्हणून वाचलात."

मग मी डॉक्टर बदलणं सोडलं आणि त्याहून वाईट काम केलं. ते पांढरं औषध डेस्कच्या खणात ठेवायला लागलो. डोळा जरा लाल वाटला की दोन थेंब, न विचारता. डोळा गप्प बसायचा. मी काम करत राहायचो. या मूर्खपणाची किंमत उजव्या डोळ्यानं दिली, ते पुढं येईल.

आणि दसरा आला की मी आणखी एक करायचो. तेव्हाच्या आमच्या प्लेटला लाल रंग काळपट दिसायचा. डोळा लाल असला तर फोटोत पांढऱ्याच्या जागी राखेसारखं दिसायचं. सणाच्या फोटोत असा डोळा बरा दिसत नाही. पेन्सिल माझ्याच हातात. मी काळ्या कागदाचं भोक स्वतःच्या चेहऱ्यावर आणायचो आणि राईएवढा डोळा उजळ करून टाकायचो. त्या वर्षांच्या एकाही फोटोत माझा डोळा लाल नाही.

कंबरेचं मी कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात? सकाळी उठलं की कंबर लाकूड झालेली असायची. पायात चप्पल घालायला भिंत धरावी लागायची. मान वळायची नाही, मागून हाक आली की सगळा मी वळायचो. पण दिवसभर वाकून बसणाऱ्याचं असंच व्हायचं. शिंपी वाकतो, सोनार वाकतो, रिटचर वाकतो. लोक म्हणायचे, धंद्यानं वाकलाय. मीही म्हणायचो, आणि खरं सांगू, त्यात थोडा अभिमान होता. कामानं वाकलेल्या माणसाला मान असतो.

छत्तिसाव्या वर्षी उन्हाळ्यात उजवा डोळा असा लाल झाला की खणातल्या औषधानं ऐकलं नाही. चेहरे धुक्यातून दिसायला लागले. एका नवरीच्या फोटोत मी नथीतला मोती डाग समजून भरून टाकला. नानांनी प्लेट माझ्यापुढं ठेवली आणि नथीवर बोट ठेवलं. मालक दुसऱ्या दिवशी म्हणाले, "थोडे दिवस काउंटरला बसतोस का?" ते चांगुलपणानं म्हणाले होते. पण मी घरी जाऊन जेवलो नाही. हाताला दुसरं काही येत नव्हतं आणि मुलं लहान होती.

राजारामपुरीत तेव्हा डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंनी नवीन दवाखाना टाकला होता. रशिदानं मला तिथं ओढत नेलं. बाईंनी यंत्रातून डोळा बघितला, खूप वेळ बघितला. म्हणाल्या, बाहुलीची कड मागं चिकटलीय, आणि भिंगावर डाग धरायला लागलाय. मी खणातलं औषध कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाल्या, "तिकडच्या तक्त्याकडे बघा." मी वळलो. त्या बघतच राहिल्या.

"मान वळत नाही का?"

"धंद्यामुळं. वाकून बसावं लागतं."

"सकाळी कंबर धरते?"

"धरते की."

"दिवसभर काम केल्यावर जास्त धरते, का हिंडल्याफिरल्यावर मोकळी होते?"

मी विचार केला. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "हिंडल्यावर मोकळी होते. दुपारपर्यंत बरी असते. रात्री झोपलो की परत धरते."

"मग ती कामानं कशी दुखेल? कामानं दुखणारी कंबर विश्रांतीनं बरी वाटते. तुमची विश्रांतीनं धरते." त्यांनी मला भिंतीला टाचा लावून उभं केलं आणि म्हणाल्या, आता डोकं भिंतीला लावा. मला वाटलं, लागलंच आहे. त्यांनी मागं हात घातला. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये त्यांची चार बोटं आरामात गेली.

"तुमच्या स्टुडिओतले दुसरे रिटचर पण असेच वाकलेत का?"

मी 'हो' म्हणणार होतो. नाना माझ्या दुप्पट वर्षं तेच काम करत होते आणि साठी ओलांडूनही खुंटीसारखे ताठ होते. रोज शेजारी बसणारा माणूस. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं.

बाईंनी समजावून सांगितलं. मणका हळूहळू जखडत नेणारा एक संधिवात असतो, तरुणपणी सुरू होतो, कंबरेच्या सांध्यापासून वर चढतो. ज्यांना तो असतो त्यातल्या काहींचे डोळे असे पुन्हा पुन्हा लाल होतात, आलटून पालटून. म्हणजे मूळ दातात नव्हतं, छातीत नव्हतं. ते कंबरेत होतं, आणि तिथं ते डोळ्याच्याही आधीपासून बसलं होतं.

पण गोष्ट इथं संपली नाही. एक्स-रे काढला तो धुरकट आला. हाडांच्या एका डॉक्टरांनी तो बघून सांगितलं, हा मणक्याचा क्षय आहे. कमरेपासून छातीपर्यंत प्लास्टर घालून काही महिने झोपवून ठेवावं लागेल. डॉक्टरीणबाईंना ते पटत नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुमचा आजार मला वाटतो तोच असेल, तर तुम्हाला झोपवून ठेवणं म्हणजे मणका कायमचा जखडायला मदत करणं. तुम्हाला हलतं ठेवायला हवं. पण मी डोळ्यांची डॉक्टर, त्यांच्याशी नुसतं भांडून चालणार नाही. हे हळूहळू दहा-बारा वर्षांत झालंय की एक-दोन वर्षांत, तेवढं कळलं तर बोलता येईल. हळूहळू झालं असेल तर क्षयाची शक्यता कमी." मग त्या हसल्या. "फोटोवाले ना तुम्ही? जुने फोटो आणा."

मी भिंतीवरचे सतरा दसरे उतरवले, मालकांना विचारून, आणि पिशवीत घालून रिक्षानं राजारामपुरीला नेले. बाईंनी ते टेबलावर ओळीनं मांडले. बराच वेळ बघून त्यांचा चेहरा उतरला.

"यात तर तुम्ही शेवटपर्यंत ताठ आहात. गेल्या दसऱ्याला सुद्धा. मग हे सगळं सात-आठ महिन्यांतलं आहे." त्यांनी फोटो गोळा केले. "कदाचित हाडांचे डॉक्टरच बरोबर असतील. उशीर नको करायला."

परतताना पिशवी मांडीवर होती. मला प्लास्टर दिसत होतं. महिनोन्महिने पाठीवर, आणि त्यानंतर उठता येईल की नाही कुणास ठाऊक. रशिदा शेजारी होती. मग ती सहज म्हणाली, "गेल्या दसऱ्याला तुम्ही कुठं एवढे ताठ होता? मीच तर सदऱ्याची कॉलर मागनं ओढून सारखी करत होते."

मी पिशवीतून गेल्या दसऱ्याचा फोटो काढला आणि डाव्या, चांगल्या डोळ्यानं बघितला. चेहऱ्याकडे बघितलं नाही, पाठीकडे बघितलं. पांढऱ्या सदऱ्याची कड, मानेपासून खांद्यापर्यंत, फार स्वच्छ होती. कापडाची कड अशी नसते, तिला सुरकुत्या असतात. अशी कड पात्याची असते. आणि ते पातं मीच लावलेलं होतं, त्याची चाल मी कुठंही ओळखली असती.

स्टुडिओत जाऊन माळ्यावरून प्लेटांच्या पेट्या काढल्या. निगेटिव्हवर काय काम केलंय ते बघायचं असेल तर ती उजेडाच्या आड धरायची नाही, तिरपी धरायची. मग पेन्सिल चमकते आणि खरवडलेली जागा मळकट दिसते. पहिल्या सहा प्लेटा कोऱ्या. सातवीपासून पुढं, एकेका प्लेटमध्ये, माझ्या पाठीवर मानेखाली एक मळकट रेघ. ती हळूहळू रुंद होत गेली होती. अकरा प्लेटा. मी माझं काम काळ्या कागदाच्या भोकातून केलं होतं, म्हणून मला फक्त माझा चेहरा दिसला होता. माझी पाठ माझ्यानंतर नानांनी बघितली होती.

माझं काम सध्या नानांकडे होतं, ते डेस्कवर माझ्या पेन्सिलीला टोक काढत होते. मी प्लेट त्यांच्यापुढं तिरपी धरली. त्यांनी बघितली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"तुमाला दिसत हुतं?" मी विचारलं. माझी भाषा अशा वेळी गावाकडं जाते.

"दिसत हुतं."

"अकरा वर्सं?"

"त्या साली तुजं लगीन ठरत हुतं, दस्तगीर. तुज्या अब्बांनी दसऱ्याचाच फोटू मागितलता, पोरीच्या घरला दावायला. तू वाइच वाकला हुतास. म्हटलं, पोराचं लगीन मोडाय नगं. अर्धा केस खरवडला." त्यांनी लवंग या गालातून त्या गालात घेतली. "मग फुडल्या साली तसंच सोडलं असतं तर भितीवर शेजारी शेजारी दिसलं असतं की. म्हणून परत. मग दर साली."

"सांगायचं हुतं, नाना."

"गिऱ्हाइकाचं व्यंग गिऱ्हाइकाला—"

"मी काय गिऱ्हाईक हुतो?"

एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी असं बोललो नव्हतो. नानांच्या तोंडातली लवंग हलायची थांबली. मला राग आला होता आणि त्या रागाची मला लाजही वाटत होती, कारण पेटीतल्या चार प्लेटांत माझ्याच पेन्सिलीची चमक माझ्याच डोळ्यांवर होती. ते लपवत होते तसा मीही लपवत होतो. त्यांनी निदान मायेनं केलं होतं, मी नटण्यासाठी.

नाना उठले, टोपी घातली. "पेटी घे. कुटं हाय त्यो दवाखाना?"

रिक्षात ते प्लेटांची पेटी मांडीवर घेऊन बसले होते, खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरत. दवाखान्यात बाईंनी खिडकीचा पडदा सरकवला. नानांनी एकेक प्लेट तिरपी धरून दाखवली आणि माझ्या आजाराचा हिशेब तोंडपाठ म्हणून दाखवला. कुठं लिहिलेला नव्हता, हातातच होता.

"पयल्या साली अर्धा केस. दुसऱ्याला एक. चवथ्या साली परत अर्धाच, त्या साली बरा उभा हुता. सातव्याला तीन केस, खांदा बी उतरवाय लागला. नवव्याला चार. गेल्या दसऱ्याला पाच, आनि मागचा पडदा परत जुळवाय लागला, बाई. इतकं मी कुना पुढाऱ्याचं पोट बी खरवडलं न्हाई."

बाई लिहून घेत होत्या. मग मी माझ्या चार प्लेटा काढल्या आणि डोळ्यांवरची पेन्सिल दाखवली. दोनदा उजवा, दोनदा डावा. बाईंनी दोन्ही याद्यांवर बोट ठेवलं. अकरा वर्षं, केसाकेसानं. "क्षय असा वागत नाही," त्या म्हणाल्या. तो कागद आणि प्लेटा घेऊन त्या स्वतः हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या. नवीन, चांगला एक्स-रे काढला, त्यात कंबरेचे दोन्ही सांधे बुजत आलेले स्पष्ट दिसले. प्लास्टर टळलं. हाडांचे डॉक्टरही मोठ्या मनाचे निघाले. म्हणाले, फोटोवाल्यांनी फसवलं आणि फोटोवाल्यांनीच सोडवलं.

त्यानंतरचं आयुष्य म्हणजे गोळ्या, व्यायाम, पातळ उशी आणि सकाळी पंचगंगेत पोहणं. डेस्क सुतारानं उंच करून दिलं, मी ताठ बसून काम करायला लागलो. मूळ सापडलं म्हणजे आजार गेला असं होत नाही, हे मला सांगायलाच हवं. डोळा त्यानंतरही लाल व्हायचा, अजून होतो. फरक एवढाच की आता पहिल्या ठणक्याला मी दवाखान्याची पायरी चढतो. डावा डोळा वाचला, त्याच्यावर मी आणखी पाच वर्षं पेन्सिल चालवली, मग रंगीत फोटो आले आणि पेन्सिलच संपली. उजव्या डोळ्यात धुकं राहिलं ते राहिलंच. कधी कधी वाटतं, पहिल्या अर्ध्या केसाला कुणी सांगितलं असतं तर. पण मग रशिदा म्हणते, "तर माझ्या बापानं फोटो परत पाठवला असता."

त्या वर्षीचा दसरा आला. मोठा कॅमेरा निघाला. मी नेहमीच्या टोकाला, आतल्या बाजूला वळून उभा राहिलो. उजवा डोळा नुकताच लाल होऊन गेला होता, पांढऱ्यात अजून राख होती. प्लेट धुऊन माझ्याकडे आली. मी बाकीच्यांचे चेहरे केले आणि माझा तसाच सोडला. नानांकडे दिली. आदल्या दिवशी पूजेसाठी मी त्यांचं पातं लावून दिलं होतं, इतकं लखलखीत की त्यात दिवा दिसत होता. नानांनी प्लेट बघितली, पातं फडक्यात गुंडाळून खणात ठेवलं आणि प्लेट छपाईला पाठवली.

फ्रेम भिंतीवर लागली. सतरा फोटोंत सरळ असलेला मी अठराव्यात पोक काढून, एक डोळा काळवंडलेला असा उभा. काउंटरवर येणारा जो तो तिकडं बघायचा. एका दुपारी गडमुडशिंगीचा तोच पैलवान आला, आता केस पिकलेला, नातवाचा फोटो काढायला. तो भिंतीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "आरं तिच्या, ह्यो एका वर्सात एवढा वाकला व्हय?"

मी काही बोलायच्या आत शेजारच्या डेस्कवरून, काळ्या फडक्याच्या आतून, नानांचा आवाज आला. गिऱ्हाइकाला कुणाचं व्यंग सांगायचं नाही म्हणणाऱ्या नानांचा.

"न्हाई, पावणं. अकरा वर्सं लागल्यात."